कुट्टीचं तोंड

कारखान्याचा पहिला भोंगा झाला की माझा उजवा हात दुखायला लागतो. जो नाही, तो हात. कोपराखाली चार बोटं गेलं की मी संपते, पुढं नुसता वारा. पण त्या वाऱ्यात माझी पाच बोटं आहेत आणि पाचही आवळलेली आहेत. नखं तळव्यात रुतून रक्त येईल की काय असं वाटतं. डॉक्टर म्हणाले, होतं असं, मेंदूला अजून पटलेलं नसतं. मी म्हटलं, चोवीस वर्षांत पटलं नसेल तर असला मेंदू काय चुलीत घालायचाय?

यंदाचा भोंगा झाला तेव्हा मी धार काढत होते. बादली दोन गुडघ्यांत, डावा हात सडावर, थोटका हात गाईच्या मांडीला टेकवलेला. भोंग्यानं गाय बुजली आणि तिनं लाथ झाडली. मी तिला अशी शिवी घातली की शेजारच्या वस्तीवरचं कुत्रं भुंकायला लागलं. शिवी गाईसाठी नव्हतीच. आत फळीवर भाऊबिजेचं ताट अजून तसंच होतं, कणकेचा दिवा वाळून त्याला तडा गेलेला. दादा आला नव्हता. वडगाव निंबाळकरला माझं लग्न होऊन आल्यापासून एक भाऊबीज त्यानं चुकवली नव्हती. यंदा चुकवली, आणि का चुकवली ते मला ठाऊक आहे. गेल्या हंगामात बारामतीच्या स्टेजवर मी जे बोलले, त्यामुळं.

हा हंगाम लोकांना गोड वाटतो. मळीचा वास, रस्त्यावर सांडलेली कांडी, दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर आणि त्यांची कानठळ्या बसवणारी गाणी. मला विचाराल तर ही वर्षातली कत्तल आहे. कोयता बुडख्यावर पडतो, मग शेंड्यावर पडतो. उसाची मोळी बांधून कारखान्याला आणि हिरवा शेंडा, म्हणजे वाढं, जनावरांना. मग फडातलं पाचट पेटवतात. ज्वाळा माणसाच्या दुप्पट उंच जातात, आणि आतून ससे, उंदीर, धामणी, एखादं मुंगूस जीव घेऊन बाहेर पळतं. बांधावर माणसं काठ्या घेऊन उभीच असतात. लहानपणी मीही उभी राहिलेय. एक उंदीर माझ्या पायाशी आला आणि मी तो ठेचला, आणि हसले. आमचं सगळं घर तसंच होतं. राग आला की हातात जे असेल ते समोरच्यावर.

त्यात आबा म्हणजे कहर. माझे वडील. कोऱ्हाळे बुद्रुकला त्यांचा राग वेशीबाहेर ऐकू जायचा. बैल बसला म्हणून त्यांनी त्याला आसुडानं असा फोडला की पाठीवर माश्या बसायला लागल्या. मग रात्रभर त्याच बैलाला हळद लावत बसले. मी म्हशी उसात शिरू दिल्या म्हणून एकदा मला उचलून पाटात फेकलं होतं. दादाला तर रोजचाच प्रसाद. मारून झालं की आबा म्हणायचे, "मारतो म्हंजे काय दुश्मन हाय व्हय मी? मानूस करतोय तुमाला." आम्ही दोघं बहीणभाऊ त्यांच्या तोंडाकडं कधी बघत नव्हतो. बोलत असले तरी नजर हातांवर असायची.

माझा हात गेला तो ऑटोपायी. ऑटो म्हणजे काय ते आधी सांगते, नाहीतर शहरातल्या माणसाला रिक्षा वाटायची. आमच्याकडं शेतीची लाईट तिच्या मर्जीनं येते-जाते. आली की पळत जाऊन स्टार्टरचं हिरवं बटन दाबायचं. ते पळणं वाचावं म्हणून स्टार्टरला ऑटो बसवतात. त्याचा खटका वर ठेवला की लाईट आली रे आली, मोटर आपोआप सुरू. माणूस कुठं का असेना. आमच्या घरी स्टार्टर एकच, पुढच्या ओट्यावर. त्याच्यावरच विहिरीची मोटर चालायची आणि गोठ्यातलं वैरण कापायचं यंत्र, कडबाकुट्टीही. बाजूचा दांडा इकडं केला की विहीर, तिकडं केला की कुट्टी. आणि आबांचा एकच कायदा होता. विहीर ऑटोवर चालेल, कुट्टी कधीच नाही. कुट्टी लावायची तर आधी ऑटो खाली. हा खटका वरखाली करणं दादाचं काम. बाळू त्याचं नाव, माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा.

बारावीची परीक्षा तोंडावर आलेली. गव्हाणीच्या कडेला माझं जीवशास्त्राचं पुस्तक उघडं होतं, पान उडू नये म्हणून त्याच्यावर खुरपं ठेवलेलं. गुरांना वाढं बारीक करून द्यायचं काम माझ्याकडं. लाईट त्या दिवशी नुसता खेळ करत होती. यायची, जायची. दर वेळी मी गोठ्यातून ओट्यावर पळत जायची, हिरवं बटन दाबायची, परत यायची. चार वेळा गेले. पाचव्या वेळी माझं डोकं फिरलं. दादानं सकाळी उसाला पाणी देऊन ऑटो खाली केलेला होता. मी तो वर केला. म्हटलं, आता बसा. उजव्या हातानंच केला.

मग लाईट गेली. वाढं ओलं होतं, कुट्टीच्या तोंडात बोळा होऊन अडकलं होतं. मशीन गपगार उभं. मी पुस्तकात बघत बघत बोळा उपसायला हात आत घातला. मनात काय चाललं होतं ते अजून आठवतं, हृदयाचे चार कप्पे. आणि लाईट आली.

ओरडले की नाही ठाऊक नाही. आवाज आठवतो तो मशीनचा, आणि तो वाढ्याचाच होता. खच, खच, खच. कुट्टीला फरक कळत नाही. दातेरी रूळ वैरण आत ओढतात तसा मला ओढत होते, आणि मी पाय गव्हाणीला लावून मागं रेटत होते, आणि माझा खांदा पुढं पुढं चालला होता. दादा फडातून आला. तो ओट्याकडं पळाला नाही, तेवढा वेळ नव्हता. हातातल्या कोयत्यानं त्यानं चालत्या मशीनचा पट्टा तोडला. तुटलेला पट्टा उसळून त्याच्या तोंडावर बसला आणि भुवई उघडी झाली. तशा रक्तानं भरलेल्या डोळ्यानं त्यानं चाक उलटं फिरवून मला बाहेर काढलं. आपला टॉवेल माझ्या दंडाला बांधला आणि दातांनी गाठ ओढली. गव्हाणीत हिरव्या कुट्टीमध्ये माझ्या हिरव्या बांगड्यांच्या काचा होत्या. ती कुट्टी त्यानं गुरांना घातली नाही. सगळी गोळा करून बांधाला पुरली, असं आई नंतर म्हणाली.

बारामतीच्या दवाखान्यात तिसऱ्या दिवशी आबा माझ्या कॉटपाशी आले. उभेच राहिले. आवाज अगदी खालचा, त्यांचा आवाज खाली गेला की मला जास्त भ्या वाटायचं. म्हणाले, "सवे, ऑटो कुणी लावला हुता?"

मी त्यांच्या हातांकडं बघितलं. दोन्ही हात जागेवर होते, मोठे, उसाच्या पात्यांनी चिरलेले. मला वाटलं, खरं बोलले तर हे मला याच कॉटवर मारतील. अठरा वर्षांची पोर, एक हात नुकताच कापलेला, आणि मला भीती कशाची होती, तर माराची.

मी म्हटलं, "दादानं."

एवढा एकच शब्द. आबा वळले आणि गेले.

त्या दुपारी त्यांनी टिकावाचा दांडा घेतला. दादा फडावर मोळ्या भरत होता, सगळे तोडकरी बघत होते. आबांनी सांगितलं, सवी म्हणते ऑटो तू लावलास. दादा जरा गोंधळल्यासारखा उभा राहिला आणि म्हणाला, "सवी म्हनली? मंग तसंच आसंल. मारा." त्यानं हात आडवा केला नाही. तिसऱ्या की चौथ्या घावाला गुडघा फुटला. तोडकऱ्यांनी आबांना धरलं म्हणून दादा जगला, नाहीतर त्या दिवशी त्याचं सरणच रचावं लागलं असतं. मग आबा घरी आले, घण घेतला आणि अंधार पडेपर्यंत कुट्टी फोडत बसले. लोखंडाचे तुकडे त्यांच्याच नडग्यांना लागत होते. निरवांगीचा मामा जीप घेऊन आला आणि दादाला इंदापूरकडं घेऊन गेला. गुडघा वाकडा जुळला. तो पाय पुन्हा कधी वाकला नाही आणि दादा पुन्हा कोऱ्हाळ्याला राहायला आला नाही. मामाची मेंढरं आणि दोन एकर रान, त्यातच त्याचा जन्म गेला.

तुम्ही म्हणाल, नंतर का नाही सांगितलंस? मीही स्वतःला विचारते, रोज विचारते. पहिल्या वर्षी भीती होती. दुसऱ्या वर्षी लाज होती. आणि मग सवय झाली. खोटं हे उसासारखं असतं बघा. एकदा लागण केली की पुढं खोडवा आपोआप फुटत राहतो, कुणी नवीन बेणं लावायला लागत नाही.

पण हात गेल्यापासून एक गोष्ट झाली. मला कुणी मारेना. आबांनी मला बोट लावलं नाही, मरेपर्यंत. मी त्यांचा रेडिओ मुद्दाम आपटून फोडला, तर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या, लेकरू हाय." दुधाचं भरलेलं कॅन लाथेनं उलटं केलं, तर आई पदर डोळ्याला लावून पुसत बसली. शिव्या नाहीत, धपाटा नाही, काही नाही. माझ्या अंगात मात्र आबाच शिरले होते. एकदा बारामतीच्या एसटी स्टँडवर एक जण म्हणाला, "ए थोटे, सरक की पुढं." मी जेवणाचा स्टीलचा डबा त्याच्या तोंडावर घातला. दोन दात पडले. पोलीस आला, माझ्याकडं बघितलं आणि त्या माणसालाच म्हणाला, "अपंग बाई हाय, जाऊ द्या आता." मी म्हटलं, अहो, दात मी पाडलेत, माझ्यावर केस करा की! तर तो हसला. माझ्यावर धड गुन्हासुद्धा दाखल होत नव्हता.

बाकी केलं मी बरंच. पुढच्या वर्षी डाव्या हातानं बारावीचा पेपर लिहिला, अक्षर कोंबडीच्या पायासारखं, पण पास झाले. लग्न झालं. मालक चांगले आहेत, माझ्या तोंडाला लागत नाहीत. आज गोठ्यात अकरा गाई आहेत, वर्षभराचा मुरघास, म्हणजे मुरवलेला हिरवा चारा, मी स्वतः भरते, आणि मी घरात आणायला लावलेली पहिली वस्तू म्हणजे कडबाकुट्टी. लोक म्हणाले, काय ही हिंमत! हिंमत कसली, ज्यानं मला खाल्लं त्याला रोज चारा घालायचा, हा माझा राग होता. मग कुणीतरी पेपरात फोटो छापला आणि माझी भाषणं सुरू झाली. शाळेत, पतसंस्थेच्या हॉलमध्ये, महिला मेळाव्यात. शाल, नारळ आणि तेच शब्द, प्रेरणादायी, जिद्द, यशोगाथा. माझ्या भाषणात एक वाक्य होतं, त्याला हमखास टाळ्या पडायच्या. "भावाच्या एका चुकीनं माझा हात गेला, पण मी भावाला कधीच माफ करून टाकलं." टाळ्या. बायका डोळे पुसायच्या. मी पाणी प्यायचे आणि पुढचं वाक्य घ्यायचे.

आणि दर भाऊबिजेला तोच भाऊ निरवांगीहून दोन एसट्या बदलून काठी टेकत यायचा. आल्या आल्या घरात शिरायचा नाही. आधी गोठ्यात जायचा, स्टार्टरपाशी उभा राहून ऑटो खाली आहे का बघायचा, हात लावून बघायचा, आणि मग पाय धुवायचा. मी डाव्या हातानं ओवाळायचे. ताट मालक धरायचे. ओवाळून झालं की तो वाकायचा, वाकता येत नसताना वाकायचा, आणि माझ्या पायाला हात लावायचा. मोठा भाऊ धाकट्या बहिणीच्या पाया पडतो, पाहिलंय कुठं? मी म्हणायचे, "दादा, नको रे." तो म्हणायचा, "आसू दे गं." एवढ्या वर्षांत तेव्हा तरी माझी जीभ झडायला हवी होती.

गेल्या हंगामात, थंडी नुकती पडायला लागली होती तेव्हा, बारामतीला दिव्यांगांचा मेळावा होता. बारामती आणि इंदापूर, दोन्ही तालुक्यांचा. ज्यानं त्यानं येऊन आपला अनुभव सांगायचा, पाच-पाच मिनिटं, आणि शेवटी प्रमुख वक्त्या म्हणून मी. स्टेजवर खुर्चीत बसले आणि समोर तिसऱ्या रांगेत टोपी दिसली, काठी दिसली. दादा. त्यानं मला कळवलंही नव्हतं.

आधी एक आंधळे गृहस्थ बोलले, मोटरींच्या वायंडिंगचं काम करणारे. म्हणाले, "जळल्याल्या मोटरीचा वास आला की मला कळतंय कुटली गुंडाळी गेली. लाईट आसली काय आन नसली काय, माजं काम थांबत न्हाय, तुमचंच थांबतंय!" हॉल हसून हसून लोळला. मग संयोजक गुरुजींनी पुकारलं, निरवांगी. दादा पायऱ्या चढून वर आला. माईक फार उंच होता, त्याला कळलं नाही तो खाली करतात ते, म्हणून मान वर करून बोलला.

"राम राम. मला बोलता येत न्हाय. माजा पाय आमच्या आबांनी मोडला, आन बरुबर मोडला. माज्या चुकीनं ह्या माज्या बहिनीचा हात कुट्टीत गेला. तवापस्नं हंगाम सुरू झाला की मी काठी टेकत वस्त्या-वस्त्यांवर जातो. ज्याच्या कुट्टीला ऑटो हाय, त्याचा ऑटो काडाय लावतो. कोन शिव्या देतंय, कोन कुत्रं सोडतंय. एकानं पायताण फेकून मारलं. मी जात न्हाय तितनं, बसून ऱ्हातो, ऑटो निघस्तवर. पर आमच्या हितं तवापस्नं कुनाचा हात गेला न्हाय. येवडंच माजं काय ते. सवीनं मला माफ केलंय, तिचं लई मोटं मन हाय."

टाळ्या पडल्या, तुफान पडल्या. त्या टाळ्या माझ्या थोबाडावर पडत होत्या. मला हे काहीच ठाऊक नव्हतं, वस्त्या, कुत्री, पायताण. माझ्या एका शब्दानं हा माणूस चोवीस वर्षं दारोदार शिव्या खात हिंडत होता. माझं नाव पुकारलं. गुरुजी कौतुकानं म्हणाले, योगायोग बघा, बहीणभाऊ एकाच व्यासपीठावर! मी उठले. आणि त्याच वेळी मनात असाही विचार आला, खोटं कशाला बोलू, की गप्प बसावं. त्याच्या कुट्ट्या, त्याची वस्ती-वस्ती, त्याचं सगळं आयुष्य या एका चुकीवर उभं आहे. ती चूक त्याची नव्हतीच म्हटलं, तर त्याच्याजवळ राहील काय? पण तो खाली माझ्याकडं बघत होता, भाऊबिजेला बघतो तसा. मला ते सहन झालं नाही.

भाषणाचा कागद मी तिथंच टाकला. म्हटलं, "माझा दादा आत्ता खोटं बोलला. त्याला ठाऊक नाही तो खोटं बोलला ते. ऑटो त्यानं लावला नव्हता. ऑटो मी लावला होता, या हातानं." आणि थोटका हात वर केला. "आबांनी विचारलं तेव्हा मी दादाचं नाव घेतलं. मार बसंल म्हणून. त्याचा पाय आबांनी मोडला नाही. मी मोडला."

दादा उठला. स्टेजला तीन पायऱ्या, न वाकणारा पाय दर पायरीला तो हातानं उचलून ठेवत होता. काठीचा आवाज, ठक, ठक. लोकांना वाटलं आता बहीणभावाची गळाभेट होणार. मागं कुणीतरी टाळ्या सुरूसुद्धा केल्या, गुरुजींनी फोटोसाठी मोबाइल काढला. दादा माझ्यासमोर आला, काठी सोडली, आणि माझ्या कानाखाली अशी ठेवून दिली की मी माईकसकट आडवी झाले.

आबांचाच हात. तोच. कानात भोंगा वाजत होता, तोंडात रक्ताची चव आली. धावपळ झाली, चार जणांनी दादाला धरलं. कुणीतरी ओरडलं, "लाज न्हाय वाटत, अपंग बाईवर हात टाकतोस?" दुसरा म्हणाला, "आरं, त्यो बी अपंगच हाय की!" मी खालूनच किंचाळले, "सोडा त्याला! हात काढा म्हनते ना! माजा भाऊ हाय त्यो, मारू द्या!" सोडलं त्यांनी. दादा जागीच उभा होता. त्याची काठी खाली पडलेली आणि त्याला वाकता येत नव्हतं. मी उठले, काठी उचलली आणि त्याच्यापुढं धरली. आता हिनंच मारतो की काय असं सगळ्यांच्या तोंडावर होतं. मला वाटलं, मार. त्यानं काठी घेतली आणि टेकवली.

हळूच म्हणाला, फक्त मला ऐकू येईल असं, "मी खाली केला हुता गं. पानी झाल्याव मी ऑटो खाली केला हुता. मला चांगली याद हुती. पर तू म्हनली म्हनून मी माजीच याद खोटी पाडली."

आणि गेला. पायऱ्या उतरून, हॉलच्या मधून, कुणाकडं न बघता. मी मागं पळाले नाही. कोणत्या तोंडानं पळायचं?

गाल चार दिवस सुजलेला होता. मी गोठ्यात काम करता करता पुन्हा पुन्हा त्याला हात लावून बघायची. मालक म्हणाले, शेक घे. मी घेतला नाही. चोवीस वर्षं मला सगळ्यांनी आधीच माफ करून ठेवलेलं होतं, मी काहीही करावं, दात पाडावेत, दूध सांडावं, भाऊ मोडावा. त्या एका थोबाडीत मी पुन्हा अंगभर माणूस झाले. कुणाला हे पटणार नाही. मेळाव्यांना जाणं मी बंद केलं, आणि त्यांनीही मला बोलावणं बंद केलं, ते बरंच झालं.

पण दादानं फोन उचलणं बंद केलं. होळी गेली, आखाड गेला, राखी पोस्टानं पाठवली ती परत आली नाही एवढंच. मामा म्हणाले, "काठी कोपऱ्यात टाकलीया त्यानं. मेंढराकडं बसून असतोय. मेळावा झाला तवापस्नं वस्त्यांकडं फिरकला न्हाय." ते ऐकून मी जेवू शकले नाही. निरवांगीत एखाद्या पोरीनं कुट्टीच्या तोंडात हात घातला आणि लाईट आली, तर तो हात कुणाच्या नावावर मांडायचा? मी खरं बोलले त्याचा हा हिशेब होता का? भाऊबिजेला दारात रांगोळी काढली, दिवसभर एसटीच्या हॉर्नकडं कान लावून बसले. शेवटची एसटी गेली. ताट फळीवर ठेवलं, मला ते उचलवेना.

आज सकाळी वाढ्याची पहिली गाडी दारात आली. ओलं, हिरवं, पात्यांना अजून दव. मी भारा सोडला, कुट्टीजवळ आणला, मालक स्टार्टरपाशी गेले, आणि माझा फोन वाजला. पडद्यावर दादाचं नाव. ओला हात पदराला पुसून मी फोन कानाला लावला.

पलीकडं आधी नुसता गोंधळ. कुत्रं जिवाच्या आकांतानं भुंकत होतं, आणि कुणीतरी बाप्या शिव्या देत होता, "सकाळ सकाळ आलाय लंगडा परत, गेल्या साली बरा शेवटाला आला न्हाईस!" मला कळलं, दादा कुणाच्या तरी वस्तीवर उभा आहे.

दादा म्हणाला, "ऑटो खाली हाय का?"

ना राम राम, ना कशी हायेस. मी म्हटलं, "थांब, बघून येते." मालकांना बाजूला केलं, स्टार्टरपाशी गेले, बघितलं, परत आले. फोन चालूच होता, तो थांबला होता. "खाली हाय, दादा."

कुत्रं भुंकतच होतं.

"बगितलं का, का नुसतंच म्हनतीस?"

"बघितलं. डोळ्यानं बघितलं."

"तुज्या तोंडावर मी एकदा इश्वास टाकलाय. हात लावून बग."

मला एकच हात. हात लावून बघायचं तर फोन खाली ठेवावा लागतो. मी तो वाढ्याच्या भाऱ्यावर ठेवला आणि परत स्टार्टरपाशी गेले.